बोट उचलल्यावर: क्लॅरिनेटच्या चाव्या आणि त्यांच्या स्प्रिंगा



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला वाटेत गाठून विचारलं, ‘सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता एकदम स्प्रिंग?’ तर आधीच सांगून टाकतो. मी क्लॅरिनेट वाजवत नाही. मला पेटीही धड वाजवता येत नाही. पण काही वर्षांपूर्वी इथेच पाथर्डीत एका वरातीत मी एक गोष्ट पाहिली आणि ती डोक्यातून जाईना. तिथून हा सगळा उद्योग सुरू झाला.

वरात थांबली होती. नवरदेवाच्या मित्रांचा नाच चालू होता, आणि बँडवाले, तुम्हाला माहीतच आहे, त्या वेळात जरा बाजूला होऊन घाम पुसतात. क्लॅरिनेटवाला माझ्या शेजारीच उभा होता. बघतो तर त्याच्या वाद्याला, मधोमध, एक पिवळा रबर गुंडाळलेला. नोटांच्या पुडक्याला लावतात ना, तसला. मी म्हटलं, ‘हे काय हो?’ तो म्हणाला, ‘सर, स्प्रिंग मेली.’ एवढंच. रबराच्या जोरावर त्याने तो अख्खा लग्नाचा हंगाम काढला होता.

त्याच्या मागे त्याचा भाचा होता, पंधरा-सोळा वर्षांचा. दुसऱ्या जुन्या क्लॅरिनेटवर तो साथ करायचा. मामा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘याचं वाद्य चांगलंय, पण याला दम नाही. खालचे सूर लागत नाहीत, मधेच चिरकतं.’ पोरगं खाली मान घालून उभं. या पोराकडे मी पुन्हा येणार आहे. तेव्हा ते लक्षात ठेवा.

आता पहिला प्रश्न. क्लॅरिनेटला स्प्रिंग लागतेच कशाला? आपल्या सनईला लागत नाही. बासरीला लागत नाही. भोकं असतात, त्यावर बोटं ठेवायची, उचलायची. बोट हेच झाकण आणि बोट हीच ते उघडणारी शक्ती. मग क्लॅरिनेटला एवढा लोखंडी संसार का?

याचं कारण नळीच्या आकारात आहे, आणि ते फार सुंदर आहे. सनई पुढे रुंद होत जाते, शंकूसारखी. अशा नळीत जोरात किंवा ओठ आवळून फुंकलं की सूर एका सप्तकाने वर जातो. म्हणजे ‘सा’ची बोटं तीच ठेवली की वरचा ‘सा’. बासरीची नळी सरळ असते, पण तिची दोन्ही टोकं हवेला उघडी असतात, म्हणून तिथेही तेच होतं. एक सप्तक भरायला सहा-सात भोकं पुरतात आणि पुढच्या सप्तकाला तीच बोटं पुन्हा वापरायची. किती सोय!

क्लॅरिनेटची नळी सरळ आहे, आणि तोंडाकडचं टोक रीडमुळे, म्हणजे त्या वेताच्या पत्तीमुळे, बंद असल्यासारखं वागतं. एका बाजूने बंद असलेल्या सरळ नळीत दुसरी लहर बसतच नाही, तिसरीच बसते. म्हणून क्लॅरिनेट वर उडी मारतं ते ‘सा’वरून तार ‘सा’वर जात नाही, ते थेट तार सप्तकाच्या पंचमावर जातं. आता मोजा. मध्य सा पासून तार तीव्र मध्यमापर्यंत, कोमल-तीव्र धरून किती सूर झाले? 19. हे 19 सूर वेगवेगळे काढता आले पाहिजेत, तेव्हा कुठे विसाव्याला पहिलीच बोटं पुन्हा वापरता येतील. सगळं बंद ठेवून एक सूर निघतो, उरलेल्या 18 साठी काहीतरी उघडावं लागतं. आणि बोटं किती? उजवा अंगठा वाद्याचा भार पेलतो, तो गेला. राहिली नऊ.

नऊ बोटं आणि अठरा कामं. हिशेब जमत नाही. म्हणून चाव्या आल्या.

इसवी 1700 च्या आसपास जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नर यांच्या नावावर हे वाद्य घातलं जातं. त्याला तेव्हा दोनच चाव्या होत्या. पुढे शंभर वर्षांत त्या वाढत गेल्या. 1812 साली इवान म्यूलर नावाच्या वादकाने 13 चाव्यांचं क्लॅरिनेट पॅरिसच्या संगीत विद्यालयापुढे ठेवलं, आणि तिथल्या समितीने ते नाकारलं. समित्यांचं असंच असतं. ते चाललं मात्र. आज जगात सर्वांत जास्त चालतं ते क्लोझे आणि बुफे या दोघांनी 1839 मध्ये पॅरिसला मांडलेलं रूप. त्याला बोह्म पद्धत म्हणतात, खरं तर बोह्म बासरीवाला होता, पण नाव त्याचं लागलं. या पद्धतीत साधारण 17 चाव्या आणि बोटांच्या भोकांभोवती 6 रिंगा असतात. आपल्याकडे ही वाद्यं पलटणींच्या बँडमधून आली. नगरला छावणी होतीच, आणि छावणी म्हटली की बँड आला. पलटणीतून ती वरातीत उतरली. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात, आणि देशभरच्या बँडवाल्यांना ते नाव पाठ असतं.

तर चावी म्हणजे काय? लांब पोहोचणारं बोट. पण तिच्यात आणि बोटात एक मोठा फरक आहे. बोट स्वतः उचललं जातं. चावी उचलली जात नाही. ती दाबता येते. परत कोण आणणार? इथे स्प्रिंग येते. म्हणजे वाजवणारा वाजवतो तेव्हा तो स्प्रिंगच्या विरुद्ध काम करतो, आणि वाजवणारा सोडून देतो तेव्हा स्प्रिंग काम करते. बोट उचलल्यावर जे होतं, ते सगळं तिचं.

आपल्या भजनी मंडळाची पेटी घ्या, म्हणजे कळायला सोपं जाईल. पेटीची प्रत्येक पट्टी म्हणजे एक झडप आहे. पट्टीच्या मागच्या भागाखाली भोक, त्यावर चामडं लावलेली पट्टी दाबून बसलेली, आणि तिला दाबून धरणारी एक तारेची स्प्रिंग. तुम्ही बोट दाबलं की झडप उघडते, हवा सुरावरून जाते. पेटीच्या सगळ्या झडपा अशा ‘मुळात बंद’ जातीच्या. क्लॅरिनेटमध्ये मात्र दोन जाती आहेत. काही चाव्या मुळात बंद असतात, दाबल्यावर उघडतात. काही मुळात उघड्या असतात, दाबल्यावर बंद होतात. सगळ्यात खालच्या टोकाला, करंगळीने चालवायच्या मोठ्या गाद्या दिसतात ना, त्यांतल्या बहुतेक उघड्या जातीच्या. वरच्या बाजूला डाव्या अंगठ्याशी असते ती रजिस्टरची चावी बंद जातीची.

या दोन जातींच्या स्प्रिंगांचं काम सारखं नाही. उघड्या चावीच्या स्प्रिंगने फक्त चावी उचलून धरायची. पटकन वर यायला पाहिजे, एवढंच. तिला जोर कमी लागतो, आणि जास्त दिला तर वादकाचं बोट फुकट दमतं. बंद चावीची स्प्रिंग पहारेकरी आहे. कोणी दाबत नसताना, म्हणजे जवळजवळ सगळा वेळ, तिने गादी भोकावर अशी बसवून ठेवायची की आतली हवा थरथरत असताना तिथून कणभरही निसटू नये. म्हणून ती जरा कडक हवी.

आणि आता एक गोम. पेटीची स्प्रिंग ढिली झाली तर काय होतं? भात्याला हात लावला की तो सूर आपोआप वाजत राहतो. ‘ऊं’ करून. सगळ्या देवळाला कळतं की पेटी बिघडलीय. क्लॅरिनेटची बंद चावीची स्प्रिंग ढिली झाली तर तसं होत नाही. तिथून सूर येत नाही, तिथून हवा गळते, आणि बिघडतात ते *दुसरे* सूर, त्या भोकाच्या खालचे सगळे. म्हणजे दोष एका जागी आणि लक्षण भलत्याच जागी. वैद्यांना हे समजेल. पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाचा मुतखडा निघतो, तसलं.

आता स्प्रिंगांचे प्रकार. दोन आहेत. एक पट्टीची आणि एक सुईची.

पट्टीची स्प्रिंग जुनी. एक पातळ, लांबट धातूची पट्टी, एका टोकाला बारीक स्क्रूने चावीच्या पोटाशी बसवलेली, दुसरं टोक मोकळं, ते वाद्याच्या अंगावर टेकतं. चावी तराजूसारखी मधे टेकलेली असते. पट्टी एका बाजूला ढकलते, म्हणून दुसरी बाजू बसते. चावी हलताना पट्टीचं मोकळं टोक किंचित घसरतं, म्हणून ते गुळगुळीत असावं लागतं, नाही तर लाकडात घर करतं.

सुईची स्प्रिंग नंतरची. 1830 च्या दशकात पॅरिसच्या ऑग्यूस्त बुफेने ती वापरात आणली असं मानतात. आणि ती का लागली, हे बघण्यासारखं आहे. बोह्म पद्धतीत चाव्या आडव्या तराजूसारख्या राहिल्या नाहीत. वाद्याच्या अंगाला समांतर लांब लांब सळया आल्या, दोन खांबांच्या मधे फिरणाऱ्या, आणि त्या सळईवर इथे एक रिंग, तिथे एक गादी. एक रिंग दाबली की सळई थोडी फिरते आणि दूरची गादी बसते. अशा फिरणाऱ्या सळईच्या पोटाखाली पट्टी बसवायची कुठे? जागाच नाही. म्हणून बुफेने खांबालाच बारीक भोक पाडलं, त्यात एक पोलादी सुई ठोकून बसवली, आणि तिचं मोकळं टोक सळईवरच्या एका छोट्याशा आकड्यात अडकवलं. सुई सळईच्या कडेने झोपून राहते, थोडी वाकवून अडकवलेली, आणि सरळ व्हायच्या तिच्या सततच्या धडपडीतून चावी जागेवर येते. मला विचाराल तर क्लॅरिनेटचा आजचा सगळा डोलारा या सुईवर उभा आहे. चाव्यांची रचना कितीही हुशारीची असली, तरी ती परत आणायला जागा न लागणारी शक्ती नसती तर ती कागदावरच राहिली असती.

तर ही सुई सरळ व्हायला का धडपडते?

इथे मला माझ्या विषयात थोडं शिरू द्या. शाळेत आपण ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द शिकतो, विज्ञानाच्या पुस्तकात. पुष्कळांना वाटतं, इंग्रजी शब्दाला कोणीतरी खोलीत बसून केलेला हा प्रतिशब्द. तो तसा नाही. तो वैशेषिक दर्शनातला आहे, दीड हजार वर्षांपूर्वीचा. वैशेषिकांनी 24 गुण मोजले, त्यांतला एक संस्कार. आणि संस्काराचे तीन प्रकार सांगितले. एक वेग: फेकलेला बाण पुढे जात राहतो तो. दुसरी भावना: म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला ठसा, ज्याच्यातून पुढे आठवण होते. आणि तिसरा स्थितिस्थापक: वाकवलेली वस्तू ज्याच्यामुळे पुन्हा होती तशी होते. प्रशस्तपादांनी त्याची उदाहरणं दिली आहेत ती धनुष्याची, झाडाच्या फांदीची, शिंगाची, दाताची, सुताची, कापडाची. पुढे सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी उदाहरण दिलं ते साध्या चटईचं. गुंडाळून ठेवलेली चटई सोडली की हालचाल करते, बघा.

मला यात काय आवडतं सांगू? स्मृती आणि लवचीकपणा त्यांनी एकाच घरात ठेवले. दोन्हीकडे वस्तूमध्ये आधीच्या अवस्थेचं काहीतरी शिल्लक राहतं, असा त्यांचा विचार. आता हा विचार भौतिकशास्त्र म्हणून टिकत नाही, हे मी कबूल करतो. पोलादाला आठवण नसते. वाकवल्यावर त्याच्या आतले अणू थोडे दूर किंवा जवळ ढकलले जातात आणि त्यांच्यातली ओढ त्यांना परत आणते, इतकंच. पण वर्गीकरण करताना त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं: इथे काहीतरी असं आहे, जे दिसत नाही, जे तुम्ही सोडल्यावरच कळतं.

किती जोर, याचं मोजमाप मात्र त्यांनी केलं नाही. ते केलं रॉबर्ट हूकने. 1676 मध्ये त्याने आपला नियम अक्षरांची उलटापालट करून, कोडं म्हणून छापला, का तर दुसऱ्याने चोरू नये, आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला. जितकी ताण, तितका जोर. दुप्पट वाकवा, दुप्पट जोराने परत येईल. एका मर्यादेपर्यंत. ती ओलांडली की स्प्रिंग वाकलेलीच राहते.

पण दुरुस्ती करणाऱ्याला यापुढचा हिशेब लागतो, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. एका टोकाला घट्ट धरलेल्या गोल सुईचा कडकपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. म्हणजे सुई दहा टक्के जाड घेतली, तर ती दहा टक्के कडक होत नाही, 1.1 चा चौथा घात, 1.46, जवळपास निम्म्याने जास्त कडक होते. डोळ्यांना फरक दिसतही नाही, पण बोटाला दगड वाटतो. आणि लांबीच्या बाबतीत उलटं: लांबी निम्मी केली तर कडकपणा आठपट. पट्टीच्या स्प्रिंगला जाडीचा तिसरा घात लागतो. म्हणून ‘जवळपास तेवढीच’ सुई बसवली असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा सावध राहा. क्लॅरिनेटमध्ये जवळपास नसतं.

सुई कुठली, हाही प्रश्न आहेच. अडचणीत आपल्याकडे शिवणाची सुई बसवतात. कल्पना वाईट नाही, पोलादच आहे ते. पण शिवणाची सुई फार कडक असते, वाकवली की तडकन तुटते. इथे आपल्या भागातल्या माणसाला समजवायला मला कोयता फार उपयोगी पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांना विचारा. लोहाराने कोयत्याला पाणी जास्त दिलं तर धार लागते झकास, पण कांड्यावर बसल्यावर तुकडा उडतो. म्हणून पाणी दिल्यावर तो पुन्हा थोडा तापवून उतरवायचा असतो. पोलाद असं हळूहळू तापवलं की त्याच्यावर रंग चढतात: आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. स्प्रिंगला हवा तो निळा. कडकपणा थोडा गेला, पण लवचीकपणा आला. क्लॅरिनेटच्या जुन्या सुया निळ्या दिसतात त्या शोभेसाठी नाहीत. तो त्यांच्या स्वभावाचा रंग आहे.

बरं. आता त्या पोराकडे येऊ.

लग्नसराई संपल्यावर त्या मामाला मी म्हटलं, नगरला जाताय तर मलाही न्या. तिथे एक दुरुस्ती करणारे वयस्क गृहस्थ होते. आता त्यांचं काम बंद झालंय. त्यांच्या टेबलाशी मी अर्धा दिवस बसलो. त्यांनी मामाचं वाद्य आधी घेतलंच नाही. पोराचं घेतलं. त्याचे दोन भाग सुटे केले, वरच्या भागाची भोकं बोटांनी झाकली, खालचं टोक तळहाताने दाबलं, आणि वरून तोंडाने हवा ओढून घेतली. घट्ट असेल तर जीभ चिकटून राहते, क्षणभर. इथे नाही राहिली. मग त्यांनी सिगारेटच्या पातळ कागदाची एक चिंधोटी घेऊन एकेका गादीखाली सरकवली आणि ओढून पाहिली. सगळीकडे कागद अडकत होता, रजिस्टरच्या चावीखाली मात्र सुळकन निघाला. गादी बसलेली दिसत होती. पण दाबून बसलेली नव्हती. तिची पट्टी मेली होती.

आता रजिस्टरच्या चावीचं काम काय? अंगठ्याने ती दाबली की एक अगदी बारीक भोक उघडतं आणि त्यामुळे सूर खालच्या घरातून वरच्या घरात, तो तार पंचमाचा जो हिशेब आपण केला तिथे, उडी मारतो. ते भोक एवढंसं, पण ते थोडं जरी गळलं, तरी वाद्य गोंधळतं की वर जायचं की खाली राहायचं. खालचा सूर फुंकला की मधेच वर फुटतो. चिरकतो. आणि पोरगं अधिक दम लावतं, मग अधिक चिरकतं. दोन वर्षं त्याला सगळे सांगत होते की तुला दम नाही. आणि तो बिचारा गच्चीवर जाऊन श्वासाचे व्यायाम करत होता. (हशा) हसू नका. तुम्हा-आम्हा शिक्षकांनी हे कितीदा केलंय.

दुरुस्तीला किती वेळ लागला? स्क्रू काढला, पट्टी काढली, ती दोन बोटांच्या मधे धरून थोडी जास्त कमान दिली, परत बसवली. कागद पुन्हा लावून पाहिला. पट्टी अजून जिवंत होती म्हणून कमानीवर भागलं, नाही तर नवी लागली असती. पोराने वाद्य जोडलं, सगळी भोकं झाकून सगळ्यात खालचा सूर फुंकला, आणि तो लागला. लांब, भरून. मामा काही बोलला नाही. त्याने फक्त आपलं रबराचं वाद्य पुढे सरकवलं.

मामाच्या वाद्याची गोष्ट वेगळी निघाली. तिथे सुई खरंच तुटली होती, खांबाच्या तोंडाशी, गंजून. घामाने होतं ते. बँडवाला उन्हात चार-चार तास वाजवतो, घाम हातावरून सळयांवर उतरतो, आणि सुई जिथे खांबात शिरते तिथल्या बारीकशा फटीत ओल राहते. गंजाचा एक छोटासा खड्डा पडला की वाकण्याचा सगळा ताण तिथेच एकवटतो, आणि एके दिवशी तुटते. तुटका तुकडा खांबातून काढणं हेच खरं नाजूक काम. उलट बाजूने टोचून ढकलावा लागतो. नवी सुई बसवायची ती एका टोकाला हातोडीने किंचित चपटी करून, म्हणजे ती पाचरीसारखी घट्ट बसते.

रबर वाईट होता का? नाही, त्याने अब्रू राखली. पण रबर ताणलेलाच ठेवला की हळूहळू सैल पडत जातो, उन्हात तर लवकरच. सकाळी बरोबर असलेला जोर रात्री नसतो. मर्यादेत वाकवलेलं पोलाद तसं करत नाही. रोज तेवढंच परत देतं.

त्या वाद्याच्या दुसऱ्या दोन-तीन चाव्याही सुस्त होत्या, दाबून सोडल्या की रेंगाळत वर यायच्या. मामाचं निदान तयार होतं: या पण स्प्रिंगा गेल्या. त्या गृहस्थांनी सुई आकड्यातून सोडवली आणि चावी बोटाने हलवून सोडून दिली. खरं म्हणजे सुई नसताना चावी स्वतःच्या वजनाने टपकन पडायला हवी. ती पडली नाही, हवेत राहिली. म्हणजे दोष स्प्रिंगचा नाही, अडकण्याचा. विचारलं, तेल कुठलं घालता? म्हणाला, खोबरेल. आता तुम्हीच सांगा, कार्तिकातल्या सकाळी आपल्याकडे खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते की नाही? जे बाटलीत थिजतं ते सळईच्या नळीतही थिजतं, धूळ धरतं, चिकट होतं. मग बँडवाला स्प्रिंग आणखी कडक वाकवतो, म्हणजे चावी जोर करून वर येईल. येते. पण आता दाबायलाही जड. बोट दमतं, लय मागे पडते, आणि पुन्हा दोष कोणाचा? बोटाचा. शिवणाच्या मशीनचं पातळ तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, सळईच्या टोकांना. गादीला नाही.

आपल्या संगीताच्या दृष्टीने एक वेगळी तक्रारही आहे, आणि ती मला पटते. मींड घ्यायची तर भोक अर्धं उघडावं लागतं, बोट सरकवत. गादीची चावी हे करू देत नाही. ती एकतर उघडी नाही तर बंद. स्प्रिंगला अर्धवट मान्य नसतं. म्हणून आपल्या वादकांची मींड जास्त करून रिंगांच्या भोकांवर असते, जिथे बोट स्वतः लाकडावर टेकलेलं असतं. मास्टर इब्राहिम यांच्या 78 च्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना ठाऊक आहे की सिनेमाच्या गाण्यातला गळा या वाद्यातून किती निघू शकतो. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी तर पूर्ण कर्नाटक संगीत त्यावर उभं केलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे करता येतं. पण स्प्रिंगांशी जुळवून घेऊन.

वेळ होत आला. एक-दोन प्रश्न घेतो.

मागून एकांनी विचारलंय, की कडक स्प्रिंगा ठेवल्या तर शिकणाऱ्याच्या बोटांना ताकद येते का. बरेच जुने उस्ताद असं सांगतात खरं. मला पटत नाही. कडक स्प्रिंगवर बोटाला एकच गोष्ट शिकता येते, दाबायला जोर लावायचा. आणि क्लॅरिनेटवर जलद वाजवायचं तर खरा प्रश्न बोट किती हलकं उचलता येतं हा असतो. स्प्रिंग चावीला परत आणेल एवढी, आणि बंद गादी गळू न देईल एवढी, बस. आणि शेजारच्या चाव्यांत सारखेपणा हवा. करंगळीच्या सगळ्यात खालच्या सुराला दोन गाद्या एकदम बसतात, म्हणजे एका बोटाला दोन स्प्रिंगा. तिथे जड वाटणारच. त्याची तुलना एकट्या चावीशी करू नका.

दुसरा प्रश्न चांगला आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, वाद्य चार महिने पेटीत राहतं, तर स्प्रिंगा आकड्यातून सोडवून ठेवाव्यात का, म्हणजे त्यांना आराम मिळेल. नाही. पोलाद बसून थकत नाही. मर्यादेत वाकलेलं असेल तर चार महिने काय, चार वर्षं वाकलेलं राहिलं तरी तेवढाच जोर देईल. त्याला मारतो तो गंज. शिवाय दमट हवेत लाकूड फुगतं, खांब किंचित हलतात, सळई त्यांच्यात घट्ट होते, आणि मंडळी समजतात स्प्रिंग दमली. तेव्हा ठेवण्याआधी आतून-बाहेरून कोरडं पुसा, प्रत्येक सुईवर तेलाचं नुसतं बोट फिरवल्यासारखं करा, गाद्यांच्या भोकाशी ओल राहिलीय का बघा, आणि महिन्यातून एकदा पेटी उघडून सगळ्या चाव्या एकेकदा हलवा. ते पोरगं आता हे करतं. मामा अजून खोबरेलच वापरतो, असं ऐकतो.